घोड्याच्या पाठीवरचे शिसे

म्हैसूरला कोणी पाहुणे आले की आम्ही त्यांना प्रथम चामुंडीच्या टेकडीवर नेतो. देवीचे दर्शन घ्यावयाचे, महानंदीला प्रदक्षिणा घालावयाची आणि परतताना कठड्याशी थांबून खालचे शहर दाखवावयाचे, हा आमचा परिपाठ. राजवाडा दिसतो, ललितमहाल दिसतो आणि पायथ्याशी एक मोठे हिरवे लंबवर्तुळ दिसते. ‘‘ते काय?’’ असे पाहुणे विचारतात. ‘‘रेसकोर्स,’’ एवढेच सांगून आम्ही पुष्कळ वर्षे विषय बदलीत असू. का बदलीत असू, ते मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावे, आणि त्याबरोबर या खेळातील हिशेबाचा इतिहासही थोडक्यात मांडावा, असे मनात आहे.

मराठी माणसाचा या भूमीशी संबंध आला तो घोड्यावर बसून. शहाजीराजांची जहागीर बंगळूरला होती. १६६४ साली होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडूनच त्यांचा अंत झाला. १७७१ मध्ये त्र्यंबकराव पेठे यांनी चिनकुरळीजवळ हैदरअलीचा पराभव केला. १७९२ च्या श्रीरंगपट्टणाच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते. समोरच्या बाजूस टिपूने तुमकूर भागातील कुणिगल येथे लष्करासाठी घोड्यांची पैदास चालविली होती. त्याच कुणिगलचे नाव पुढे शर्यतीच्या घोड्यांसाठी गाजले. रणांगणावरचा घोडा मैदानावर आला, त्याची ही एक वाट.

त्या काळी घोडा पारखणे हा पोटाचा प्रश्न होता. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा मात्र स्वतःचा. तो मेला की शिलेदारी गेली. म्हणून शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्वपरीक्षा लोक मन लावून शिकत. दात पाहावे, खूर पाहावे, छाती पाहावी. आणि अंगावरचे भोवरेही मोजावे. अमुक जागी भोवरा असला की धन्याला लाभ, तमुक जागी असला की घात. दात आणि खूर हे ज्ञान होते, भोवरा हे नशीब होते. पण पारखणाऱ्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसत. ज्ञान कोठे संपते आणि नशीब कोठे सुरू होते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न आकड्यांनी सोडविण्याचा प्रयत्न झाला. तेथील ‘थरोब्रेड’ घोड्यांची पितृपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या पूर्वेकडून गेलेल्या तीन घोड्यांपर्यंत पोचते. त्यांच्या वंशावळीची नोंदवही १७९१ साली निघाली. बरोबर शंभर वर्षांनी, १८९१ मध्ये, दहावे चामराजेंद्र वाडियार यांच्या आश्रयाने म्हैसूरचा रेस क्लब स्थापन झाला. मुंबईस महालक्ष्मीचे मैदान १८८३ मधले. पुण्यास शर्यती त्याहूनही जुन्या. मराठी संस्थानिकांनाही हा शौक जडला. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी जिंकणारी ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी बडोद्याच्या गायकवाड महाराजांची होती, आणि त्यांच्याच ‘सयाजीराव’ नावाच्या घोड्याने १९४७ मध्ये इंग्लंडची सेंट लेजर जिंकली.

परंतु उत्तम घोडा नेहमीच जिंकू लागला तर शर्यतीत उरले काय? यावरचा तोडगा म्हणजे ‘हँडिकॅप’. हा शब्द मूळचा एका वस्तुविनिमयाच्या खेळातला. दोघांनी वस्तू बदलावयाच्या, तिऱ्हाइताने त्यांतील किमतीचा फरक ठरवावयाचा आणि दोघांनी टोपीत हात घालून मान्य की अमान्य ते दाखवावयाचे. १६६० च्या रोजनिशीत सॅम्युअल पीप्सने या खेळाचा उल्लेख केला आहे. तिऱ्हाइताने फरक भरून काढावयाचा, हे तत्त्व पुढे घोड्यांना लागू झाले. जो घोडा सरस, त्याच्या पाठीवर जास्त वजन.

या कलेला शास्त्राचे रूप दिले ते अॅडमिरल हेन्री जॉन राउस या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने. वय, अंतर आणि महिना पाहून कोणत्या घोड्याने किती वजन वाहावे, याचे कोष्टक त्याने बांधले. १८५० मध्ये ‘व्होल्टिजर’ने ‘फ्लाइंग डचमन’ला हरविले, तेव्हा दोघांचा पुन्हा सामना ठरला आणि वजने ठरविण्याचे काम राउसकडे आले. त्याने वयाने मोठ्या डचमनवर साडेआठ पौंड अधिक चढविले. १८५१ साली यॉर्कच्या मैदानावर दोन मैल धावून डचमन सुमारे एका लांबीने जिंकला. दोन मैलांत एवढाच फरक राहावा, हीच राउसच्या हिशेबाची पावती होती.

आज आपल्याकडेही हीच पद्धत चालते. प्रत्येक घोड्याला कामगिरीवरून गुणांक मिळतो, गुणांकावरून वर्ग ठरतो आणि एका गुणांकाला अर्धा किलो वजन धरतात. जिंकला की गुणांक वाढतो, वारंवार हरला की उतरतो. आमच्या सरकारी वेतननिश्चितीप्रमाणेच हे काम आहे. फरक इतकाच की येथे बढतीबरोबर ओझे वाढते. जॉकीला खोगिरासह तराजूवर बसवितात; वजन कमी भरले तर खोगिराखाली शिशाचे पत्रे ठेवतात, आणि शर्यतीनंतर पहिल्या क्रमांकांच्या जॉकींना पुन्हा तोलतात. सर्व घोडे अंतिम खांबाशी एकदमच यावेत, हे वजन ठरविणाऱ्याचे ध्येय. म्हणजे पैज लावणाऱ्याला काहीही ओळखता येऊ नये, यासाठीच तो झटत असतो.

तरीही जाणकार त्याच्या हिशेबातल्या फटी शोधतो. एक मैलाच्या शर्यतीत एक लांबी म्हणजे सुमारे एक किलो, असा ठोकताळा आहे. कमी अंतराला एका लांबीची किंमत याहून जास्त वजनाने मोजावी, लांब पल्ल्याला कमी. मागच्या खेपेस घोडा किती लांब्यांनी हरला, आज त्याच्यावर किती वजन कमी आहे, पल्ला वाढला की घटला, पावसाने जमीन मऊ झाली आहे काय, सुरुवातीला जागा आतली मिळाली की बाहेरची, शिकाऊ जॉकीमुळे वजनात सूट मिळते काय, कोवळ्या वयाचा घोडा महिन्याभरात सुधारला असेल काय, असे एकेक प्रश्न विचारीत दिवसाच्या सर्व शर्यती तपासावयाच्या. यात खरोखर बुद्धी लागते, हे आम्ही कबूल करतो. कारण आमच्या वडिलांना ती होती.

वडील मुंबईत कारकून होते. गिरगावातील चाळीत आमच्या दोन खोल्या. मोसमात रविवारी जेवण झाले की ते ‘‘महालक्ष्मीला जाऊन येतो,’’ असे सांगून निघत. कोणती महालक्ष्मी, हे आईला ठाऊक असे. ती काही बोलत नसे. पुढे तिच्या पाटल्या गेल्या, ताईचे लग्न दोन वर्षे लांबले. आम्ही बी.ए. झालो त्याच वर्षी नोकरीचे अर्ज भरले, एम.ए.चे नाव घरात कोणी काढले नाही. वडिलांनी कधी मद्याला स्पर्श केला नाही, कोणावर हात उगारला नाही. संध्याकाळी परतले की हातपाय धुऊन ते वहीत नोंदी करीत बसत. त्या वेळी चेहरा अभ्यास करणाऱ्या मुलासारखा दिसे.

त्यांच्या पश्चात त्या लाल कापडी बांधणीच्या सात वह्या आमच्याकडे आल्या आणि बदल्यांच्या सामानातून फिरत फिरत जयलक्ष्मीपुरमच्या घरी पोचल्या. पुष्कळ दिवस आम्ही त्या उघडल्या नाहीत. मग एका पावसाळ्यात रोज थोडे करून सर्व तपासल्या. नोकरीने जमाखर्चाची सवय लावलीच होती. अक्षर मोत्यासारखे. घोडा, वर्ग, पल्ला, वजन, जॉकी, निकाल, असे रकाने. मोजून पाहिले तर त्यांनी निवडलेल्या घोड्यांपैकी जवळजवळ तीनांत एक जिंकला होता. आम्हांला वाटले होते की वडील भोळे होते, तसे नव्हते. पण एक रकाना सातही वह्यांत कोठेच सापडला नाही. तो पैशांचा. किती लावले आणि किती परत आले, याची एकही नोंद नव्हती.

तीनांत एक हे प्रमाण चांगले खरे, पण ज्या घोड्याला मैदानावर सर्वाधिक लोकांची पसंती असते तोही जगभर साधारण तीनांत एकदाच जिंकतो. म्हणजे वडिलांनी रात्री जागून जे शोधले, ते जमावालाही कळलेलेच होते आणि भावात उतरलेले होते. टोटची पद्धत फ्रान्समध्ये ओलेर याने १८६० नंतरच्या दशकात सुरू केली. १९१३ साली ऑकलंडला जॉर्ज ज्युलियसने तिचे यंत्र बसविले. सर्वांचे पैसे एकत्र करावयाचे, त्यांतून कर आणि क्लबचा वाटा काढावयाचा आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटावयाचे. येथे आपली स्पर्धा घोड्याशी नसून इतर पैज लावणाऱ्यांशी असते. समजा, शंभरातून वीस रुपये कापले जातात. शंभर रुपये घेऊन गेलेल्याने आठही शर्यतींत हाती असेल ते सारे लावले, तर सरासरीने संध्याकाळी सुमारे सतरा रुपये उरतात. घोडे कितीही चांगले निवडा. निवड इतरांपेक्षा पुष्कळच सरस नसेल, तर ही वजाबाकी चुकत नाही.

तामिळनाडूने १९७४ मध्ये शर्यतींवरील पैजा बंद करण्याचा कायदा केला, तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. हे आम्हांला मान्य आहे. हाँगकाँगमध्ये बिल बेंटर या अमेरिकन गृहस्थाने १९८० नंतरच्या दशकात संगणक आणि मदतनीस घेऊन शर्यती अभ्यासल्या आणि अमाप पैसा मिळविला. पण त्यालाही जमावाचा भाव आपल्या गणितात धरावा लागला. उलट, १९४९ मध्ये ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील शर्यती तपासल्या, तेव्हा आढळले की ज्या घोड्याची आशा फार थोडी, त्याच्यावर लोक वाजवीपेक्षा अधिक पैसे लावतात. कौशल्य खेळात असते. ते आपल्यापाशी पुरेसे आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. आणि त्याचे उत्तर फक्त त्या न लिहिलेल्या रकान्यात मिळते.

आता दसऱ्याच्या सुमारास पाहुणे आले आणि त्यांनी त्या हिरव्या मैदानाकडे बोट दाखविले, तर आम्ही विषय बदलीत नाही. कुणिगल सांगतो, राउस सांगतो, वडिलांची वहीही सांगतो. गेल्या वर्षी आमचा नातू म्हणाला, ‘‘आजोबा, एकदा घोडे पाहायला जाऊ या.’’ आम्ही त्याला घेऊन गेलो. पैज लावली नाही. घरी आल्यावर आठव्या कोऱ्या वहीत त्याने आपल्या आवडीच्या घोड्यांची नावे लिहिली, आणि आम्ही शेजारी पट्टीने एक रकाना आखून दिला: लावले असते तर किती गेले असते. संध्याकाळी त्याने बेरीज केली, आणि उत्तर पाहून वही मिटून ठेवली.