दुभाषा

'इंटरप्रिटर' म्हणजे दुभाषा. कम्पायलर अख्ख्या पुस्तकाचं भाषांतर करून हातात देतो. इंटरप्रिटर शेजारी बसून वाक्यागणिक अर्थ सांगतो आणि मशीन तसं वागतं. १९९८ साली अमरावतीला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही तिघांनी असा दुभाषा लिहायला घेतला, तेव्हा मोझरीला घरी मी हेच सांगितलं होतं. "काय करून राहिले रे तुम्ही?" या बाबांच्या प्रश्नाला तेवढं उत्तर पुरलं!

आता भाचा विचारतो, "मामा, कोड तर एआय लिहून देतं. मग हा प्रोजेक्ट कशाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून थोडा इतिहास.

लिस्प भाषेचा जनक जॉन मॅकार्थी. या भाषेतल्या वाक्याचा अर्थ कसा लावायचा, हे सांगणारं 'इव्हॅल' नावाचं सूत्र त्याने कागदावर मांडलं, ते केवळ वाचण्यासाठी. स्टीव्ह रसेल हा त्याचा तरुण सहकारी म्हणाला, मी हे मशीनवर चालवून दाखवतो. मॅकार्थीला वाटलं, हा सिद्धांत आणि व्यवहार यांत गल्लत करतोय. पण रसेलने आयबीएम ७०४ वर ते खरंच चालवलं! लिस्पचा पहिला इंटरप्रिटर तो हाच.

पुढे १९७५ मध्ये हार्वर्डचे विद्यार्थी बिल गेट्स आणि मॉन्टी डेव्हिडॉफ, सोबत पॉल ॲलन, यांनी अल्टेअरसाठी बेसिकचा इंटरप्रिटर लिहिला. त्यांच्याकडे अल्टेअर नव्हताच. कॉलेजच्या मोठ्या मशीनवर त्याची नक्कल करून काम भागवलं, आणि सगळं ४ केबीत बसवलं.

आमच्याकडेही घरी कॉम्प्युटर नव्हता. लॅबची वेळ ठरलेली, बाकी काम एसटीत, वहीवर. सोबतीला आयआयटी मुंबईच्या प्रा. धनंजय ढमढेरे यांचं कम्पायलरवरचं पुस्तक. ते १९८३ चं, म्हणजे आमच्या अमरावती विद्यापीठाच्याच वयाचं. भाषेतले शब्द मराठी, अक्षरं मात्र रोमन: 'लिही', 'जर', 'परत'.

'लिही २+३*४' याचं उत्तर १४ यायला हवं, २० नाही. गुणाकार आधी, हे चौथीतच शिकलो होतो. पण ते मशीनला सांगायचं तर वाक्य तोडा, चिन्हांचा मान ठरवा, कोणता आकडा थांबेल ते सांगा... पाठ असलेला नियम तेव्हा कुठे समजला.

असो. भाच्याला एवढंच म्हटलं, कोड कोणीही लिहो, वाक्याचा अर्थ काय हे ठरवणारं माणूस लागतंच. ते व्हायचं असेल तर एकदा स्वतः दुभाषा लिही. पहिले पंधरा दिवस वहीतच.