निम्मं पाणी जमीन पिईल

मुंबई तुंबली की आपण म्हणतो, नालेसफाई झाली नाही. ते खोटं नाही. पण आज आपण त्या नाल्यांमागचा जुना हिशोब पाहू. इंग्रजी अमदानीतल्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळचा, एवढंच धरून आखल्या होत्या. त्यात आणखी एक गोष्ट गृहीत होती: निम्मं पाणी जमीन पिऊन घेईल. तेव्हा वाड्या होत्या, भातशेती होती. हिशोब जुळत होता.

पुढे त्या जमिनीवर काँक्रीट आलं. वाहिनी तीच, पाऊस तोच, पण तिच्यात येणारं पाणी जवळजवळ दुप्पट. 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने बजावलं: ताशी 50 मिलिमीटर धरा आणि जमीन काहीच पिणार नाही असं समजा. बरीचशी कामं कागदावरच राहिली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. एवढं पाणी नव्या हिशोबाच्या वाहिन्यांतही मावलं नसतं, हे मान्य. मात्र दरवर्षीच्या साध्या पावसातही आपण तुंबतो, त्याचं काय? म्हणून एखादं मैदान बांधकामाला देताना आपण आधी विचारायला हवं, इथलं पाणी आता कुठे जाणार?