बाटल्यांची भिंत
रिकाम्या काचेच्या बाटल्या आडव्या रचून, मधल्या फटी चिखलाने किंवा सिमेंटने भरून उभारलेली भिंत. ती आडोसा देते आणि रंगीत उजेडही आत सोडते. अमेरिकेतील नेवाडात ऱ्हायोलाइट या सोन्याच्या खाणींच्या गावात लाकूड दुर्मीळ, गुत्ते मात्र मुबलक. तिथे टॉम केली याने १९०६ मध्ये असे घर बांधले. हायनेकन कंपनीने १९६३ मध्ये वास्तुविशारद जॉन हाब्राकेन यांच्याकडून विटेसारखी रचता येणारी चौकोनी बाटलीच घडवून घेतली. कल्पना चतुर, पण ती बाजारात आलीच नाही. थायलंडच्या सीसाकेत प्रांतात भिक्षूंनी १९८४ पासून बिअरच्या हिरव्या-तपकिरी बाटल्यांचे मंदिर उभारले. मद्य वर्ज्य मानणाऱ्या भिक्षूंना हे साहित्य चालले, ही गंमतच. तिथली बुद्धचित्रे बाटल्यांच्या झाकणांची आहेत.