मुंबईतील गावाची खोली

श्रोतेहो, उन्हाळ्याची सुटी लागली की आमच्या गोव्यातील घरांत मुंबईचा विषय निघतोच. कोणाला मुलाच्या प्रवेशासाठी जावयाचे असते, कोणाला डॉक्टरांना दाखवावयाचे असते, तर कोणाला मुलांना शहर दाखवावयाचे असते. बेत ठरतो, तिकिटेही निघतात. आणि मग प्रश्न उरतो, उतरावयाचे कोठे? मुंबईतील दोन रात्रींचे भाडे शिक्षकाच्या महिन्याच्या हिशेबात मोठे भगदाड पाडते. हा प्रश्न मात्र आजचा नव्हे. आमच्या आज्यापणज्यांनी त्याला एक उत्तर शोधले होते. त्या उत्तराचे नाव कूड.

कोकणीत कूड म्हणजे खोली. एकोणिसाव्या शतकापासून गावच्या शेतीवर भागेना, म्हणून गोव्यातील कित्येक तरुण मुंबईस आले. कोणी आगबोटीवर खलाशी वा आचारी झाले, कोणी साहेबांच्या बंगल्यावर बटलर, कोणी शिंपी, तर कोणी बँडमध्ये वादक. खलाशी महिनोन्महिने समुद्रावर असे. दोन बोटींच्या मधले दिवस तेवढे त्याला मुंबईत काढावे लागत. अशा माणसाने स्वतंत्र बिऱ्हाड करणे म्हणजे बंद खोलीचे भाडे भरणे होय. तेव्हा एकेका गावच्या लोकांनी वर्गणी काढून समाईक जागा घेतल्या. धोबी तलाव, डाबूळ, माझगाव ह्या भागांत अशा शेकडो कुडी निघाल्या.

कुडीत सजावट नसे. भिंतीशी सभासदांच्या पेट्यांची रांग, रात्री जमिनीवर अंथरूण, आणि एका बाजूस गावच्या संताची वेदी. सायंकाळी सर्वांनी मिळून जपमाळेची प्रार्थना करावयाची. नियम मोडणाऱ्यास दंड पडे. बोटीवर गेलेल्याची पेटी निर्धास्तपणे तेथेच राही. सभासद पुष्कळ, परंतु एका वेळी मुक्कामास थोडे. म्हणून प्रत्येकाच्या वाट्यास येणारा खर्च अल्प असे. पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी साधारणतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर रोखून धरली आणि भाड्याने घेतलेल्या जागांना मोठाच आधार मिळाला.

हा शहाणपणा एकट्या गोवेकरांचा नव्हता. गिरणगावातही कोकणातल्या व घाटावरच्या गावांच्या खोल्या होत्या. तेथे एक पाळीवर जाई, तेव्हा दुसरा येऊन त्याच जागेवर पाठ टेकी.

परंतु ह्या उत्तरात एक उणीव होती, आणि ती आमच्या घराने अनुभवली आहे. माझे आजोबा बोटीवर आचारी होते. एका मे महिन्यात ते मुंबईच्या इस्पितळात पडले, आणि माझी आजी त्यांच्यासाठी प्रथमच मुंबईस गेली. ज्या कुडीची वर्गणी आमच्या घरातून वर्षानुवर्षे जात होती, त्या कुडीत आजोबांची पेटी होती. आजीला मात्र तेथे राहता येईना. बहुतेक कुडी पुरुषांसाठीच होत्या. जिन्यात उभी राहून तिने पेटीतले कपडे मागून घेतले, आणि गावच्या एका बाईच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, अकरा रात्री काढल्या. ती हे सांताना कधी रागावली नाही. एवढेच म्हणे, "बाई गं, वर्गणीला बाई चालत होती."

१९६१ साली गोवा मुक्त झाला. पुढे अनेकांची कुटुंबे मुंबईत स्थिरावली, सत्तरीनंतर कित्येकांनी आखाती देशांची वाट धरली; कुडींतील गर्दी ओसरली. काही कुडी आजही जुन्या इमारतींत तग धरून आहेत.

श्रोतेहो, नव्या वसतिगृहांच्या योजना ऐकल्या की मला त्या पेट्या आठवतात. गावाने मिळून हिशेब ठेवला, तर महाग शहरातही स्वस्तात पाठ टेकता येते, हे कुडीने दाखवून दिले. ती रीत आपण पुन्हा जरूर उचलावी. मात्र अशी खोली बांधणाऱ्यांनी प्रथम एवढे विचारावे : इस्पितळातल्या माणसासाठी आलेली एखादी आजी रात्री येथे उतरू शकेल काय?