धावपट्टीपासून ट्रॅक डेपर्यंत

शर्यत नसलेल्या दिवशी ठरावीक शुल्क भरून शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर स्वतःची मोटारसायकल चालविण्याच्या प्रथेस ‘ट्रॅक डे’ म्हणतात. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगवर १९२७ पासूनच सामान्य चालकाला पैसे भरून फेरी मारता येत असे. तथापि डोंगरउतारांतून वळणारा तो वीस किलोमीटरहून लांब मार्ग नवशिक्याला पेलणारा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील लष्करी विमानतळ रिकामे झाले आणि सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन, थ्रक्स्टन येथे शर्यती होऊ लागल्या. चेन्नईच्या उत्तरेकडील शोलावरमची युद्धकालीन धावपट्टीही पुढे याच कामी आली. या जागा सपाट आणि उघड्या असल्याने मार्गाबाहेर गेलेल्या वाहनाला वेग ओसरेपर्यंत मोकळी जमीन, म्हणजेच ‘रनऑफ’, मिळण्याची शक्यता वाढली. १९९० मध्ये चेन्नईजवळच इरुंगट्टुकोट्टई येथे ३.७ किलोमीटरचा कायमस्वरूपी मार्ग खुला झाला.

मोकळी जमीन पडण्याची इजा कमी करते, पडणे टाळत नाही. ते काम शिक्षणाचे, आणि या इतिहासातील खरे वळण तेच होय. कीथ कोड यांनी १९८० मध्ये स्थापन केलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलने एका सत्रात एकच कौशल्य, उदाहरणार्थ वळणात थ्रॉटल हळूहळू व अखंड उघडत नेणे, सरावाला घेण्याची पद्धत रुजविली. चालकाचे अवधान मर्यादित असते आणि वेगाच्या भीतीतच ते खर्च झाले तर शिकण्यासाठी काही उरत नाही, हा कोड यांचा विचार त्यामागे होता.

या कसोटीवर पाहता मार्गाची कीर्ती नवशिक्याच्या फारशी कामाची नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरील सर्वांत लांब सरळ टप्पा एक किलोमीटरहून अधिक असल्याने तेथे वेग फार चढतो आणि ब्रेक लावण्याचा अंदाज चुकल्यास ती चूक मोठी ठरते. उलट कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे, जो मुळात लहान विमानांची धावपट्टी म्हणून आखलेल्या जागेवर उभा राहून २००३ मध्ये सुरू झाला, अवघ्या दोन किलोमीटरांच्या आसपास असल्यामुळे तीच वळणे लवकर पुन्हा समोर येतात व चूक सुधारता येते. मार्गाइतकेच आयोजनही पाहावे लागते: नवशिक्यांचा गट वेगळा आहे काय, पहिल्या फेऱ्या प्रशिक्षकामागून संथपणे होतात काय आणि वळणात ओलांडण्यास मनाई आहे काय. अनेक ठिकाणी आरसे काढतात किंवा त्यांवर चिकटपट्टी लावतात, कारण सुरक्षित अंतर राखून पुढे जाण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची असते. हा नियम सकाळच्या सूचनांच्या वेळी स्पष्ट सांगितला जात नसेल, तर नवशिक्याने तो दिवस निवडू नये.