फोपनार, फोफनार आणि नकाशावरील नाव

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात वाकाटककालीन समजल्या जाणाऱ्या बुद्धाच्या काही धातुमूर्ती आहेत. अजिंठ्याच्या शिल्पांशी असलेल्या त्यांच्या नात्याची चर्चा कलेतिहासाच्या अभ्यासकांनी केली आहे. ह्या मूर्ती बऱ्हाणपूर जिल्ह्यातील एका खेड्यात सापडल्या. कलेतिहासाच्या इंग्रजी ग्रंथांत त्या खेड्याचे नाव रोमन लिपीत असे छापलेले असते की वाचणाऱ्याने ‘फोफनार’ म्हणावे. गाव मात्र ‘फोपनार’ आहे, आणि सरकारी व्यवहारात त्याला ‘कलाँ’ हे उपपद जोडलेले असते. ग्रंथातील अक्षरे जशीच्या तशी घेऊन कोणी हे गाव नकाशात शोधू लागला, तर एका ‘ह’काराने त्याची वाट चुकावी अशी ही स्थिती आहे. त्यात पुन्हा रोमन लिपीत ‘फ’ कसा लिहावा ह्याविषयीही एकवाक्यता नाही. हंटरसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या पद्धतीने तो ‘प’ला ‘ह’ जोडून लिहावयाचा. हल्लीचे लोक ‘एफ’ने काम भागवितात.

पूर्वी असल्या प्रश्नाचा निकाल सर्वेक्षण खात्याचा अधिकारी करीत असे आणि वाचकाला तो मान्य करावा लागे. २००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट ह्यांनी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा लोकांनी मिळून रचावयाचा नकाशा आरंभिला, तेव्हापासून हा अधिकार ज्याला नकाशात भर घालावीशी वाटेल अशा कोणाही व्यक्तीच्या हाती आला आहे. अधिकार सर्वांचा झाला म्हणजे संकेतांची गरज वाढते. ह्या नकाशात प्रत्येक स्थळाला नावाचा एक मुख्य रकाना असतो. त्याखेरीज प्रत्येक भाषेतील नावाला, जुन्या नावाला, पर्यायी नावाला, अधिकृत नावाला आणि स्थानिक बोलीतील नावालाही निराळे रकाने आहेत. मुख्य रकान्यात काय लिहावे ह्याविषयी त्यांचा दंडक असा की, प्रत्यक्ष जागेवर जे आढळते ते प्रमाण. नावे संक्षेपाने लिहू नयेत, पूर्ण लिहावी, असाही एक नियम आहे. आपल्याकडील ‘बु.’ आणि ‘खु.’ त्यामुळे ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ असे उलगडून लिहावे लागतात.

‘जागेवर जे आढळते’ हा दंडक वाचताना सोपा वाटतो. बऱ्हाणपुरासारख्या प्रांतात तो लावू गेले असता इतिहास आडवा येतो.

१६०१ साली असीरगड पडल्यावर अकबराने खानदेश आपला पुत्र दानियाल ह्याला दिला आणि सुभ्याचे नाव बदलून ‘दानदेश’ केले. ‘आईन-ए-अकबरी’त ते नोंदलेले आहे. शाही दप्तराइतके अधिकृत दुसरे काय असावयाचे? परंतु दानियाल थोड्याच वर्षांत बऱ्हाणपुरातच वारला, ‘दानदेश’ दप्तरात राहिला, आणि लोकांच्या तोंडी खानदेश तो खानदेशच राहिला. त्या काळी लोकसंपादित नकाशा असता तर ‘दानदेश’ अधिकृत नावाच्या रकान्यात गेला असता व पुढे जुन्या नावाच्या. मुख्य रकाना त्याला क्वचितच लाभला असता. बादशहाच्या हुकुमाने नाव बदलते आणि रूढ मात्र होत नाही, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या प्रदेशात दुसरे आढळत नाही.

त्याच शहरात लिपीच्या प्रश्नाला पूर्वीच्या एका राज्यकर्त्याने दिलेले उत्तरही उभे आहे. फारूकी सुलतान आदिलशहा, म्हणजेच राजा अलीखान, ह्याने बांधविलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे. तो १५९० च्या सुमाराचा असून त्यात फारूकी घराण्याची वंशावळ दिलेली आहे. कोणत्या भाषेला मुख्य रकाना द्यावा हा वाद त्याने घातला नाही. दोन भाषांना दोन जागा दिल्या.

कुंडी भंडाऱ्याची गोष्ट ह्याहून गुंतागुंतीची आहे. अब्दुर्रहीम खानखानान ह्याच्या काळी, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या बाजूने झिरपणारे पाणी भूमिगत कालव्याने शहरात आणण्याची योजना झाली. ह्या कालव्यावर ओळीने कुंड्या आहेत, म्हणून तो कुंडी भंडारा. लोक त्यास खुनी भंडाराही म्हणतात, आणि पाण्याला असलेल्या तांबूस छटेमुळे हे नाव पडले असे सांगतात. सभ्य पुस्तके ‘कुंडी’ पसंत करतात. नकाशाकाराने येथे पंच होण्याचे कारण नाही. एक नाव मुख्य, दुसरे पर्यायी, अशी सोय आहे. दुसरे नाव भयंकर वाटते म्हणून गाळणे हा मात्र प्रमाद होईल, कारण म्हातारी माणसे तेच उच्चारीत असतील तर वाट विचारणाऱ्याला तेच लागणार.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक रकाना मराठी नावाचा होय. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. तेथील मुख्य रकान्यात राज्याची भाषा आणि जागेवरची पाटी ह्यांचा मान राखला पाहिजे. ‘बुरहानपुर’ खोडून ‘बऱ्हाणपूर’ लिहिणे हा अविचार होय. परंतु ‘बऱ्हाणपूर’ हे ‘बुरहानपुर’चे अक्षरांतर नव्हे. शेख बुऱ्हानुद्दीन ह्या खुलदाबादच्या संताच्या नावावरून नासिरखान फारूकीने वसविलेल्या, आणि १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर मराठ्यांकडे आलेल्या शहराचे ते मराठी नाव आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, झाशी ही अशीच नावे. ती कोणी लिप्यंतराने बनविलेली नाहीत. वापराने घडली आहेत. आता होते असे की, उत्साही संपादक किंवा त्याने चालविलेले यंत्र रोमन अक्षरे घेऊन मराठी रकाने झपाट्याने भरते, आणि ‘ग्वालियर’, ‘इंदोर’ ही रूपे मराठी म्हणून नोंदली जातात. रोमन लिपीतून ‘ळ’ तर परत येतच नाही. जळगावचे ‘जलगाव’ होण्यास यंत्राला विलंब लागत नाही. रिकामा रकाना निदान खोटे बोलत नाही. भरलेला चुकीचा रकाना पुढे दुसरे नकाशे, पुस्तके आणि पाट्या उचलतात. म्हणून भाषेच्या रकान्यात त्या भाषेत खरोखर चालणारे नावच लिहावे, नुसते लिप्यंतर लिहू नये, असा आग्रह ह्या नकाशाचे अनेक जाणते संपादक धरतात, आणि प्रस्तुत लेखकाला तो सर्वस्वी योग्य वाटतो. ह्या कामी साहित्य संस्थांनी यादी करण्यापेक्षा शाळांनी कान उघडे ठेवणे अधिक उपयोगाचे. सीमेवरच्या गावातील मुलाने आजीला शेजारच्या गावांची नावे म्हणावयास लावली, तर जे हाती लागेल ते कोणत्याही दप्तरात नसेल.

आता फोपनारकडे परत येऊ. मराठी आणि हिंदी ह्या दोहोंची लिपी एकच असल्यामुळे ‘फोपनार’ हे दोन्ही रकान्यांत सारखेच दिसेल, आणि मग दुसरा रकाना भरण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. परंतु ‘कलाँ’चे काय करावयाचे? ‘कलाँ’ म्हणजे थोरले, ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. फारसीतील ‘बुजुर्ग’ आपल्याकडे ‘बुद्रुक’ झाला आणि रावेर, यावल, जामनेर ह्या तालुक्यांतील गावांना तो चिकटला. सीमेपलीकडे ‘कलाँ’ चालते, अलीकडे ‘बुद्रुक’. दोन्ही शब्द परके, आणि दोन्ही घरचे झालेले. फोपनारमधील मराठी बोलणारी माणसे आपल्या गावाला काय म्हणतात? ‘कलाँ’ म्हणत असतील तर मराठी रकान्यात ‘कलाँ’च लिहिला पाहिजे, मग तो मराठी कानाला कितीही परका वाटो, आणि दोन्ही उपपदे टाकून नुसतेच ‘फोपनार’ म्हणत असतील, तर तेवढेच लिहावे. मूर्तिशास्त्राच्या ग्रंथांतील ‘फोफनार’ त्याच्या शेजारी पर्यायी नाव म्हणून नोंदवावे, म्हणजे संग्रहालयातून निघालेला अभ्यासक गावाच्या वेशीपर्यंत पोहोचेल.