गाडीची बॅटरी आणि बहरीनचा उन्हाळा

सुट्टी संपवून भारतातून परतलेल्या कुटुंबाची पहिली सकाळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. बॅगा अजून हॉलमध्येच पडलेल्या, फ्रीजमध्ये दूध नाही, मुलांची शाळा दोन दिवसांवर. कोल्ड स्टोअरपर्यंत जाऊन येऊ म्हणून गाडीत बसावे, किल्ली फिरवावी आणि आतून फक्त "टक् टक् टक्" असा आवाज यावा. मग लिफ्टमध्ये भेटेल त्या शेजाऱ्याला "तुमच्याकडे केबल आहे का हो?" हा प्रश्न. ऑगस्टअखेर मनामा, अदलिया, रिफाच्या पार्किंगमध्ये हा प्रश्न दरवर्षी ऐकू येतो. म्हणून बॅटरी बसली तर काय करायचे, आणि मुळात ती बसू नये म्हणून काय करायचे, हे एका ठिकाणी लिहून ठेवत आहोत.

बॅटरी इथे लवकर का मरते

पुण्यात किंवा नाशकात एक बॅटरी चार वर्षे सहज चालते. इथे दोन वर्षे झाली की तिच्याकडे संशयाने पाहायला लागावे, आणि तिसरा उन्हाळा तिने काढला तर तो बोनस समजावा. आपल्या गाड्यांतली बॅटरी शिसे आणि गंधकाम्लाची. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ती बनवली आणि मूळ रसायन आजही तेच आहे. तापमान दर १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रिया साधारण दुपटीने वेगात होतात, हा कॉलेजात शिकलेला ढोबळ नियम इथे बॉनेटखाली रोज लागू होतो. बाहेर ४२ अंश असताना इंजिनाशेजारी बसलेली बॅटरी त्याहून कितीतरी जास्त तापते. आतल्या पट्ट्या गंजतात, पाणी उडून जाते.

गंमत अशी की उन्हाळ्यात मार खाल्लेली बॅटरी अनेकदा उन्हाळ्यात मरतच नाही. गरम इंजिन फिरवायला जोर कमी लागतो, त्यामुळे ती कशीबशी रेटून नेते. डिसेंबरात नॅशनल डेच्या सुमारास पहिली गार सकाळ येते, तेल घट्ट होते, आणि तेव्हा ती हात टेकते. लोक म्हणतात "थंडीने बॅटरी गेली". गेलेली असते ती ऑगस्टमध्येच.

सुट्टीचा हिशोब वेगळा. गाडी बंद असली तरी तिचा अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि आतला संगणक थोडी थोडी वीज खात असतात. ३० ते ५० मिलिॲम्पियर हे सर्वसाधारण प्रमाण. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, आणि ४० दिवसांच्या सुट्टीत ४८. मध्यम गाडीची बॅटरी असते साधारण ६० ची, तीही नवी असताना. म्हणजे सहा आठवड्यांनी गाडी सुरू झाली नाही तर त्यात नशिबाचा भाग काही नाही, ती वजाबाकी आहे.

उपाय दोन. पहिला म्हणजे निघताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल, म्हणजे काळी वायर, सोडून ठेवणे. बहुतेक जपानी गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो आणि काम पाच मिनिटांचे आहे. परत जोडल्यावर घड्याळ लावावे लागेल, काही गाड्यांत रेडिओचा कोड मागितला जातो, तो आधी शोधून ठेवा. गाडीची बॅटरी डिकीत असेल आणि डिकी फक्त विजेच्या बटणाने उघडत असेल तर मात्र हा उपाय करू नका. दुसरा उपाय म्हणजे इथेच राहणाऱ्या मित्राला आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास फिरवायला सांगणे. "फिरवायला" हा शब्द महत्त्वाचा. पार्किंगमध्ये पाच मिनिटे एसी लावून गाडी चालू ठेवली की सेल्फ मारताना गेलेली वीजसुद्धा धड भरून निघत नाही.

आवाज ऐका

प्रत्येक बंद गाडीला बॅटरीच जबाबदार नसते. भराभर टकटक आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणते, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे लख्ख, पण एकच मोठा "टक" आणि शांतता, तर सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, पाहावी लागेल. इंजिन जोरात फिरते पण पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, पेट्रोल किंवा इग्निशनकडे पाहा. आणि ऑटोमॅटिक गाडीत अजिबात काहीच होत नसेल तर आधी गिअर "पी"मध्ये आहे ना, ब्रेकवर पाय आहे ना, हे बघा. हे वाचून हसू येईल, पण घाईत नेमके हेच राहते.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर गाडी बंद ठेवून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासावी, पुसून कोरडे करावे, टर्मिनल घट्ट करून वरून व्हॅसलिन लावावे. डोळ्यांत उडू देऊ नये. निम्म्या वेळा एवढ्यावरच काम भागते.

दहा-पंधरा दिनारचा साधा डिजिटल मल्टिमीटर घरात असावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तसे दिसत नसतील तर अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि नवी बॅटरी घेऊनही ती दोन दिवसांत बसेल. दुकानदाराने बॅटरी विकण्यापूर्वी हे मोजले का, हे जरूर विचारा.

केबल कशी लावायची

आपल्या वडिलांच्या पिढीने ॲम्बॅसडरला हँडल मारले, फियाटला गल्लीभर धक्का दिला. चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला तरी आपल्याकडे हँडल बरीच वर्षे डिकीत होते. इथल्या ऑटोमॅटिक गाड्यांना धक्का देऊन उपयोग नाही, केबलच लागते. ती जाड तांब्याची घ्या, निदान १६ चौरस मिलिमीटरची. सेल्फ मारताना शेकडो अँपिअर वाहतात. स्वस्त केबल बाहेरून जाडजूड दिसते, पण आत तार सुतळीएवढी असते आणि ती नुसती तापते.

आधी बॅटरीकडे नीट बघा. फुगलेली, तडकलेली, गळणारी किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येणारी बॅटरी असेल तर केबल लावूच नका, नवीनच घ्या. या हवेत फुगलेल्या बॅटऱ्या दुर्मिळ नाहीत.

दोन्ही गाड्या जवळ आणा पण एकमेकींना टेकू देऊ नका. दोन्ही बंद, हँडब्रेक वर, एसी, दिवे, रेडिओ सगळे बंद. लाल केबलचे एक टोक बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीच्या निगेटिव्हला नाही. कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो. बॅटरी फुटून ॲसिड तोंडावर उडाल्याचे प्रकार याच एका घाईतून होतात. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर अल्टरनेटर आणि संगणक दोन्ही जाऊ शकतात, म्हणून रंगावर न जाता बॅटरीवरची अधिक-उणेची खूण टॉर्च लावून वाचा.

मग चांगली गाडी सुरू करून पाच मिनिटे थांबा, नंतर बंद गाडीला सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती. सुरू झाली की केबल उलट्या क्रमाने काढा. तीन-चार प्रयत्नांत जमले नाही तर सोडून द्या. सुरू झालीच तर थेट बॅटरीच्या दुकानात किंवा सलमाबादच्या गॅरेजमध्ये जा. वाटेत दूध घ्यायला थांबून गाडी बंद केलीत तर पुन्हा शेजारी शोधावा लागेल.

हायब्रिड गाडीने दुसऱ्याला करंट देऊ नये, तिचे मॅन्युअल वाचल्याशिवाय तर नाहीच. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना वेगळ्या प्रकारची, एजीएम किंवा ईएफबी, बॅटरी लागते. स्वस्तातली साधी बसवून घेऊ नका. आणि हल्ली मिळणारा लिथियमचा छोटा जंप स्टार्टर उत्तम आहे, पण तो उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. घरात चार्ज करून ठेवा, लांब जाताना सोबत घ्या.

रस्त्यात बंद पडली तर

पार्किंगमध्ये बसलेली बॅटरी ही कटकट आहे. शेख ईसा बिन सलमान हायवेवर जुलैच्या दुपारी दोन वाजता बंद पडलेली गाडी हा वेगळाच प्रसंग, त्यातून मागच्या सीटवर तान्हे मूल आणि भारतातून आलेले आजी-आजोबा असतील तर. बहरीन सरकार उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करायला बंदी घालते. आधी ही बंदी जुलै-ऑगस्टपुरती होती, २०२५ पासून ती १५ जून ते १५ सप्टेंबर झाली. धडधाकट कामगारांसाठी जो नियम, तो आपल्या आई-वडिलांना दुप्पट लागू.

एसी बंद पडलेली गाडी अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा १५-२० अंशांनी जास्त तापते. म्हणून क्रम असा ठेवा. गाडी उजव्या कडेला, हॅझर्ड दिवे चालू. सगळ्यांनी उजव्या बाजूने उतरायचे, कारण डावी बाजू वाहतुकीकडे असते. कठड्यापलीकडे, मिळेल त्या सावलीत. त्रिकोण मागे निदान ५० मीटरवर. मग पहिला फोन रिकव्हरीवाल्याला न करता जवळ राहणाऱ्या अशा मित्राला करा, जो एसी चालू असलेली गाडी घेऊन येईल आणि माणसांना घेऊन जाईल. रिकव्हरीला दुसरा फोन. गाडीपाशी एकाने थांबले तरी पुरते. पत्ता सांगताना "पेट्रोल पंपाच्या पुढे" असे न सांगता रोड आणि ब्लॉक नंबर सांगा, किंवा लोकेशन पाठवा.

नुसती बॅटरी बसली म्हणून ९९९ लावू नये. पण कोणी बरळायला लागले, अंग तापले, चालताना झोक जाऊ लागला तर तो उष्माघात समजा आणि क्षणाचाही विचार न करता ९९९ लावा, तोवर अंगावर पाणी ओतून वारा घाला. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून "घाम येतोय ना, मग ठीक आहे" हा आपला देशी हिशोब इथे चालत नाही. अपघात असेल तर वाहतूक विभागाचा नंबर १९९.

कॉजवेवरून खोबरला जाणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. १९८६ मध्ये सुरू झालेला हा २५ किलोमीटरचा रस्ता बराचसा समुद्रावर आहे, आणि गर्दीच्या दिवशी सीमेवरच्या रांगेत तासन् तास एसी लावून उभे राहावे लागते. जुन्या बॅटरीची आणि कूलंटची परीक्षा तिथेच होते. तुमच्या विम्यातली रस्त्यावरची मदत सौदी बाजूला चालते का, हे निघण्यापूर्वी विचारा. हिवाळ्यात सखीरला कॅम्पिंगला जाणाऱ्यांनी गाडीच्या बॅटरीवर रात्रभर दिवे आणि गाणी लावू नयेत, किंवा निदान दोन गाड्यांनी जावे.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, गाडी न चालवणाऱ्यालाही, माहीत असावी: वीज गेल्यावर दार कसे उघडायचे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत काही माणसे बंद गाड्यांत अडकून गेली. बहरीनमध्ये पाऊस क्वचित, पण एप्रिल २०२४ मध्ये इथलेही रस्ते पाण्याखाली गेले होते. रिमोटच्या आत एक छोटी धातूची किल्ली असते, ती बाहेर काढून ड्रायव्हरच्या दाराला एकदा लावून बघा. आतून कोणता खटका ओढायचा हे मुलांना दाखवा. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक लावले असेल तर ती आतून उघडणार नाहीत, पुढे येऊन उतरायचे, हेही त्यांच्याकडून करून घ्या. आणि पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारू नका, इंजिनात पाणी जाते.

डिकीत केबल, टॉर्च, हातमोजे, १० नंबरचा पाना, त्रिकोण, छत्री आणि पाण्याच्या बाटल्या असू द्या, पाणी दर आठवड्याला बदलून. स्टेपनीत हवा आहे का तेही बघून घ्या. गॅस लायटर आणि स्प्रेचे डबे मात्र उन्हाळ्यात गाडीत नकोत. नवी बॅटरी घेताना तिच्यावरची उत्पादनाची तारीख वाचा, दुकानात वर्षभर पडून असलेली घेऊ नका, वॉरंटीची पावती सीपीआरच्या झेरॉक्ससोबत जपून ठेवा. जुनी बॅटरी कचऱ्याच्या पेटीत न टाकता दुकानदारालाच द्या. त्यातल्या शिशाला भाव असतो, तेव्हा थोडी सूट मागायला हरकत नाही.